परफ्यूम भेट द्यायचे आहे, पण कोणते?

परफ्यूम भेट देण्याविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील एकमेकांपासून वेगळे असे काही प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे. पत्रे मोठी होती, म्हणून प्रश्न थोडक्यात घेतले आहेत.

प्रश्न : आईच्या साठाव्या वाढदिवसाला तिला परफ्यूम द्यावे, अशी इच्छा आहे. ती रोज परफ्यूम लावते, परंतु कोणते लावते ते मला ठाऊक नाही. तिला आधी कळू द्यायचे नाही. दुकानात जाऊन ‘स्त्रियांसाठी सर्वांत जास्त खपणारे’ मागितले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही, असे स्पष्टच सांगते. सर्वांत जास्त काय खपते यावरून अनोळखी ग्राहकांची आवड कळते, तुमच्या आईची नाही. दुकानात जाण्याआधी आईचे कपाट किंवा आरशासमोरची फळी नीट पाहा. तेथे दोन-तीन बाटल्या असतील, तर जी तळाला आली आहे ती तिच्या आवडीची समजा. जी भरलेली आहे आणि जिच्या झाकणावर धूळ साचली आहे, ती बहुधा कोणीतरी भेट दिलेली असते. या दुसऱ्या बाटलीचाही उपयोग आहे, कारण तिच्यावरून काय घेऊ नये हे कळते. दोन्ही बाटल्यांचे समोरून आणि तळाकडून फोटो काढा. नाव टिपताना मोठ्या अक्षरांतल्या नावाखाली बारीक अक्षरांत असलेली ओळही टिपा, कारण एकाच नावाखाली ‘इंटेन्स’, ‘फ्रेश’, ‘नाइट’ अशी अनेक परफ्यूम निघतात आणि त्यांचे वास एकमेकांपासून बरेच दूर असू शकतात.

त्यानंतर तुमच्यापुढे दोन मार्ग राहतात. संपत आलेलेच परफ्यूम पुन्हा आणणे हा पहिला मार्ग. अनेकांना त्यात कल्पकता नाही असे वाटते, पण ‘तू काय वापरतेस याकडे माझे लक्ष आहे’ हे त्यातून फार चांगले व्यक्त होते, म्हणून मला तो मनापासून पसंत आहे. दुसरा मार्ग त्याच जातकुळीतले नवे परफ्यूम निवडण्याचा. लिंबूवर्गीय, फुलांचे, लाकडी, व्हॅनिला व राळेची ऊब असलेले, लव्हेंडर आणि वाळल्या गवतासारखा वास असलेले कुमारिन हे द्रव्य यांच्या मेळातून झालेले ‘फुजेर’ अशी काही ढोबळ घराणी मानली जातात. जुन्या बाटलीचे नाव सांगितले की जाणकार विक्रेता त्याच घराण्यातील दोन-तीन नावे पुढे ठेवतो. मात्र ‘फुलांचे’ एवढ्यावर थांबू नका. गुलाब आणि मोगरा ही दोन्ही फुलेच, पण मोगरा-जाई-जुईच्या वासात इंडोल नावाचे द्रव्य असते आणि त्यामुळे त्यांना एक जड, मादक खोली येते. ज्यांना गुलाब प्रिय असतो, त्यांतील कित्येकांना हीच खोली डोक्यात चढल्यासारखी वाटते.

आई कोणता साबण पुन्हा पुन्हा आणते, कोणत्या फुलापाशी थांबून वास घेते, कोणाच्या परफ्यूमबद्दल ‘फार उग्र आहे’ असे म्हणाली होती, हे आठवून पाहा. असे एखादे वाक्य विक्रेत्याच्या अर्ध्या तासाच्या माहितीपेक्षा मोलाचे ठरते. ‘स्त्रियांसाठी’ आणि ‘पुरुषांसाठी’ या पाट्यांना फार महत्त्व देऊ नका. गेर्लँ या फ्रेंच कंपनीचे १८८९ सालचे ‘जिकी’ हे परफ्यूम पुरुषही लावत आले आहेत आणि स्त्रियाही. आईला लाकडी, कोरडा वास आवडत असेल, तर तो पुरुषांच्या फळीवरही शोधावा.

आता आकाराविषयी. भेट भरघोस दिसावी म्हणून १०० मिलिलिटरची बाटली घेण्याचा मोह होतो. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिलिलिटर द्रव येतो, म्हणजे ३० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे तीनशे फवारे असतात. रोज चार फवारे मारले, तरी ती अडीच महिने पुरते. वास आवडल्याची खात्री नसताना एवढी मुदत पुरेशी आहे. आवडला तर पुढच्या वेळी मोठी बाटली आणता येईल आणि न आवडल्यास शंभर मिलिलिटरचे ओझे तिच्यावर पडणार नाही. एकाच कंपनीच्या छोट्या नमुन्यांचा संच मिळत असेल, तर तोही उत्तम, कारण निवडण्याचा आनंदही भेटीत येतो. आधी कळू न देण्याचा हट्ट मात्र थोडा सैल करावा, असे सुचवते. आईला सोबत घेऊन जाणे, तिला सावकाश वास घेऊ देणे आणि तिने निवडलेली बाटली आपण घेऊन देणे, यात भेटीचा आनंद कमी होत नाही.

प्रश्न : एकाच नावाच्या परफ्यूमच्या दोन बाटल्यांवर ‘ओ द पार्फ्यूम’ आणि ‘ओ द त्वालेत’ असे लिहिलेले असते. पहिली महाग असते. ती अधिक चांगली म्हणून भेटीसाठी तीच घ्यावी का? की दुसरी म्हणजे पाणी घातलेली पहिलीच असते?

उत्तर : या नावांवरून सुगंधी अर्काचे प्रमाण कळते, दर्जा कळत नाही. व्यवहारात नुसत्या ‘पार्फ्यूम’मध्ये साधारण २० ते ३० टक्के अर्क असतो, ईडीपी म्हणजे ओ द पार्फ्यूममध्ये १५ ते २० टक्के, ईडीटी म्हणजे ओ द त्वालेतमध्ये ५ ते १५ टक्के आणि कोलोनमध्ये २ ते ४ टक्के. उरलेला भाग मुख्यतः अल्कोहोल आणि थोडे पाणी यांचा असतो. हे आकडे व्यवसायातील रूढीने ठरलेले आहेत. एका कंपनीचे ईडीटी दुसरीच्या ईडीपीपेक्षा जास्त टिकते, असेही होते, कारण टिकाऊपणा घटकांच्या स्वभावावर अवलंबून असतो. लिंबू-संत्र्याच्या सालीतील रेणू हलके असतात आणि कितीही घातले तरी लवकर उडून जातात. चंदन, कस्तुरीसारखी द्रव्ये आणि व्हॅनिलिन जड असल्याने त्वचेवर तासन्‌तास रेंगाळतात.

‘पाणी घातलेली पहिलीच’ ही समजूतही पुष्कळदा चुकीची असते. अर्नेस्ट बो यांनी १९२१ साली रचलेल्या शनेल नंबर ५ या परफ्यूमचे ईडीपी रूप जाक पोल्ज यांनी १९८६ साली वेगळे बांधले. नाव तेच असले तरी दोन्ही रूपे नाकाला सारखी लागत नाहीत. म्हणून ज्यांना भेट द्यायची आहे त्यांच्याकडे ईडीटी असेल, तर ‘वरचे’ म्हणून ईडीपी नेऊ नका, ईडीटीच न्या. माणसांच्या गर्दीत, बंद खोलीत, दिवसभर शेजारी बसून काम करणाऱ्यांना हलके ईडीटी अधिक सोयीचे पडते.

प्रश्न : दुकानात कागदी पट्टीवर जे परफ्यूम अप्रतिम वाटले, तेच घरी पत्नीच्या हातावर निराळेच लागले. पैसे वाया गेले. दुकानात मध्ये मध्ये कॉफीच्या बियाही हुंगायला दिल्या होत्या. नेमके काय चुकले?

उत्तर : बहुधा निर्णय पहिल्या दहा मिनिटांत झाला. परफ्यूम फवारल्याबरोबर नाकाशी येते ते अल्कोहोल आणि सर्वांत हलके घटक. ते पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत विरतात, मग फुलांचा-मसाल्यांचा मधला भाग दोन-चार तास राहतो आणि शेवटी लाकूड, राळ, कस्तुरी यांचा तळ उरतो. भेट घेणारी व्यक्ती दिवसाचा बहुतेक वेळ या शेवटच्या दोन टप्प्यांत वावरणार असते. दुकानात मात्र आपण पहिला टप्पाच जोखतो आणि त्यावर पैसे देतो. शिवाय कागद थंड व कोरडा असतो, त्वचा उबदार आणि कमी-अधिक तेलकट असते. कोरड्या त्वचेवर वास लवकर उतरतो, म्हणून आधी बिनवासाचे क्रीम लावावे.

एका फेरीत तीन-चारपेक्षा जास्त वास घेऊ नका, कारण नाक लवकर थकते आणि पाचवे परफ्यूम पहिल्यासारखेच भासू लागते. कॉफीच्या बियांनी नाक ताजे होते, या समजुतीला आधार नाही. त्यापेक्षा दाराबाहेर मोकळ्या हवेत थोडे उभे राहावे, किंवा स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा, परफ्यूम न लावलेल्या त्वचेचा वास घ्यावा. पट्ट्यांवर पेन्सिलीने नावे लिहा, वेगवेगळ्या पाकिटांत घालून घरी न्या आणि चार तासांनी, मग दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हुंगा. मनगटावर घेतले असेल, तर मनगटे एकमेकांवर घासू नका. घासल्याने रेणू मोडत नाहीत, पण हलके घटक घाईने उडतात आणि पहिला टप्पा नीट कळत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी जोडप्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. काही माणसांना काही कृत्रिम कस्तुरीद्रव्यांचा वास येतच नाही किंवा अगदी पुसट येतो. नाक एरवी उत्तम असूनही असे होते. व्हायोलेट या फुलाच्या वासातील बीटा-आयोनोन हे द्रव्यही जनुकातील फरकामुळे कोणाला फुलासारखे, तर कोणाला आंबट लागते. त्यामुळे तुम्हाला ‘काहीच नाही’ असे वाटलेले परफ्यूम पत्नीला भरगच्च वाटू शकते. दोघांच्या नाकांपैकी एकालाही खोटे ठरवण्याचे कारण नाही, मात्र निवड तिच्या नाकाने व्हावी.

प्रश्न : कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकारी बाई निवृत्त होत आहेत. सर्वांनी मिळून परफ्यूम द्यायचे ठरते आहे. त्यांना अर्धशिशीचा त्रास आहे, म्हणून ‘नैसर्गिक’ आणि सौम्य परफ्यूम घ्यावे, असा एकीचा आग्रह आहे.

उत्तर : कृपया परफ्यूम देऊ नका. अर्धशिशी किंवा दमा असलेल्यांना कोणताही तीव्र वास त्रास सुरू करायला पुरेसा ठरू शकतो आणि वास कशापासून काढला आहे, याने त्यात फरक पडत नाही. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समज मुळातच काढून टाकायला हवा. लव्हेंडरच्या तेलातील लिनालूल आणि संत्र्याच्या सालीतील लिमोनिन हवेशी संयोग पावून त्वचेची ॲलर्जी निर्माण करू शकतात. बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाच्या कच्च्या तेलातील बर्गाप्टेन हे द्रव्य त्वचेवर असताना ऊन लागले, तर डाग पडतात. युरोपीय संघाने अशा २६ द्रव्यांची नावे वेष्टनावर छापणे आवश्यक केले होते आणि २०२३ साली ही यादी ऐंशीहून अधिक द्रव्यांपर्यंत वाढवली. त्यांत वनस्पतींच्या तेलांतून येणारी द्रव्येही आहेत. शिवाय समारंभात सर्वांसमोर बाटली हातात आली, की त्यांना ती तेथेच फवारून दाखवावी लागेल आणि नाही म्हणणे त्यांना अवघड जाईल.

प्रश्न : संकेतस्थळांवर नामांकित परफ्यूम निम्म्या किमतीत दिसतात. खरे-खोटे कसे ओळखावे?

उत्तर : खोक्यावरचा आणि बाटलीच्या तळाचा बॅच क्रमांक जुळतो का, छपाई सुबक आहे का, झाकण घट्ट बसते का, फवारा बारीक आणि एकसारखा येतो का, हे पाहावे. परंतु चांगली नक्कल या सर्व कसोट्यांना उतरते, म्हणून खरा भरवसा अधिकृत विक्रेत्याचा आणि पक्क्या बिलाचाच. ‘टेस्टर’ म्हणजे दुकानात वास घेऊन पाहण्यासाठीची म्हणून विकली जाणारी बाटली अस्सल असू शकते, पण ती साध्या खोक्यात आणि बऱ्याचदा झाकणाशिवाय येते, तेव्हा ती स्वतःसाठी घ्यावी. खोक्याचे प्लास्टिक वेष्टन फोडल्यावर बहुतेक विक्रेते माल परत घेत नाहीत. भेट देताना बदलून घेण्याची मुदत घेणाऱ्याला सांगावी आणि बिल सोबत द्यावे. किंमत दिसेल, हा संकोच येथे बाजूला ठेवावा.

प्रश्न : बहीण परदेशात असते. तिला पार्सलने परफ्यूम पाठवता येईल का?

उत्तर : परफ्यूममध्ये अल्कोहोलचे प्रमाण जास्त असल्याने ते ज्वालाग्राही द्रव मानले जाते. बऱ्याच टपाल सेवा ते विमानाने स्वीकारतच नाहीत आणि माहिती लपवून पाठवणे धोक्याचे आहे. ती राहते त्या देशातील विक्रेत्याकडे मागणी नोंदवून तिच्या पत्त्यावर पोहोचवणे सर्वांत सोपे. कोणी प्रत्यक्ष जाणार असेल, तर हातातल्या सामानासाठी अनेक विमानतळांवर प्रत्येक बाटलीला १०० मिलिलिटरची मर्यादा असते. मोठ्या बॅगेत ठेवायचे झाल्यास फवाऱ्याच्या तोंडाशी चिकटपट्टी लावून बाटली बंद पिशवीत घालावी. बहिणीला एवढे मात्र कळवा की बाटली खोक्यातच, कपाटात ठेवावी. खिडकीतल्या उन्हाने आणि न्हाणीघरातल्या उष्ण दमटपणाने परफ्यूम लवकर बिघडते, आणि लिंबूवर्गीय वास त्यात सर्वांत आधी जातो.