वाचकांचे प्रश्न : फुकटची खोली घ्यावी का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी आणि माझी बायको ३ वर्षांपासून आपल्या देशाचं एक प्रवासी गाईड काढून राहिलो, छापील पुस्तिका आणि मोबाइलवर वाचायला पीडीएफ. राहतो नागपूरला म्हणून सुरुवात विदर्भापासून केली. कोणाचा पैसा नाही, जाहिरात नाही. आता जंगलाजवळच्या एका रिसॉर्टवाल्याचा फोन आला का दोन रात्री या, राहणं, जेवण, सफारी सगळं आमच्याकडून, फक्त दोन पानं चांगली लिहा. बायको म्हणते नको. मी म्हणतो राहून तर पाहू, लिहू तर खरंच. पेट्रोलचा खर्चही निघत नाही हो, काय करावं?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : दादा, वहिनी बरोबर बोलून राहिल्या. तुम्ही खोटं लिहाल असं मला अजिबात वाटत नाही, पण तुम्हाला जी खोली मिळेल ती तुमच्या वाचकाला मिळणारच नाही ना. तुमच्यासाठी मालक स्वतः दारात उभा राहील, एसी आधीच लावून ठेवलेला, पोळी तव्यावरून थेट ताटात. आणि तुमचं पान वाचून जे येतील त्यांना मिळेल जनरेटरला लागून असलेली मागची खोली. म्हणजे तुम्ही अगदी खरं लिहूनसुद्धा वाचक फसला. त्यापेक्षा आपल्या नावाचा गाजावाजा न करता जा, बाकीच्यांसारखं बुकिंग करा, एकच रात्र राहा, पण पैसे देऊन राहा.

कायद्याचंही सांगते. सोशल मीडियावर शिफारशी करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये सूचना काढल्या, त्यात फुकट मुक्काम आणि फुकट सहल हासुद्धा मोबदलाच धरलाय आणि तो लोकांना स्पष्ट दिसेल असा सांगायचा आहे. तुमची पुस्तिका छापील असली तरी हाच नियम स्वतःला लावून घ्या. कधी कोणाकडे फुकट चहाशिवाय काही घेतलंच तर त्याच पानावर, वरच, लिहून टाका.

पण मला तुमच्या पत्रात दुसरीच काळजी वाटली. आपल्याच देशाचं, त्यातून आपल्याच भागाचं गाईड लिहिताना हॉटेलवाल्यापेक्षा जास्त धोका आपल्या स्वतःच्या आठवणीचा असतो. मी असंच एक गाईड ७ वर्षं चालवलं म्हणून सांगते. ताडोबाला लहानपणापासून जाणं, त्यामुळे ते पान मी घरी बसून, डोळे मिटून लिहिलं. सोमवारी संध्याकाळी पोचा, मंगळवारी पहाटे मोहर्लीतून सफारी करा. पुण्याच्या एका कुटुंबानं त्यावर भरवसा ठेवून रेल्वेचं तिकीट काढलं, खोली घेतली आणि मग सफारी बुक करायला बसले तर मंगळवार दिसेचना, कारण मंगळवारी ताडोबा बंद असतं. हे मला माहीत नव्हतं का? होतं! लिहिताना डोक्यात आलंच नाही. आजीला वाघ दाखवायचा म्हणून ती ट्रिप होती. खोलीचे पैसे मी त्यांना पाठवले, त्यांनी घेतलेही, पण फोनवर त्या आजी "असू दे गं, पुढच्या वर्षी येऊ" म्हणाल्या ते आजही माझ्या कानात आहे.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली, तुम्हीही लावा. प्रत्येक पानाखाली तारीख, की इथं मी शेवटची कधी गेले होते आणि फोनवर शेवटचं कधी विचारलं. ज्या पानाला वर्ष झालं ते पुन्हा तपासल्याशिवाय छापायचं नाही, मग पुस्तिका बारीक झाली तरी चालेल. आपल्याला जे सांगायची गरजच वाटत नाही ना, बाहेरच्याला नेमकं तेच पाहिजे असतं. ताडोबाचा कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. सीताबर्डीचा किल्ला एरवी लष्कराकडे असतो, आत सोडतात ते २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. डिसेंबरात अधिवेशन असलं की नागपुरात खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर महाग, आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात तेव्हाही तसंच. मे महिन्यात येऊन लोक बर्डीच्या बाजारात संत्री शोधतात, बिचाऱ्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की संत्र्याचे हंगाम दोन, आंबिया बहाराची फळं हिवाळ्यात येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, मेमध्ये इथं फक्त ऊन. आणि सांबारवडी! माझी मुंबईची नणंद सांबारवडी म्हटल्यावर वाटीत इडलीवालं सांबार येईल म्हणून चमचा घेऊन बसली होती. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, ही एक ओळ तुमच्या गाईडमध्ये आहे का बघा.

राहिला पैसा. तो वाचकाकडूनच घ्या, मागायला लाजू नका. पीडीएफला थोडी किंमत लावा, यूपीआयनं लोक देतात. घरच्या लोकांना घेऊन येणाऱ्यांना तीन दिवसांचा प्लॅन आखून द्यायचे वेगळे पैसे घ्या, माझा निम्मा खर्च यातूनच निघायचा. बुकिंगवर कमिशन मिळत असेल तर ते कमिशन आहे असं लिहा. तरी नाही निघाला खर्च तर जिल्हे कमी करा, पण खोली फुकट घेऊ नका. आणि पूर्ण देशाची घाई कशाला, दोघं माणसं तुम्ही, मेळघाट, लोणार, मार्कंडा, रामटेक एवढं दरवर्षी नव्यानं पाहायचं म्हटलं तरी सगळे रविवार जातात.

प्रश्न : मॅडम, मी वर्ध्याची. आमच्या भागाचं छोटं गाईड करायचं आहे. मराठीत केलं तर कोण घेईल, इंग्रजीतच करू का?
— एक वाचक, वर्धा

उत्तर : मराठीतच कर गं. इंग्रजीत सेवाग्रामवर भरपूर आहे, पण जालन्याहून आईवडिलांना घेऊन येणाऱ्या माणसाला पाहिजे ते त्यात नाही. गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले हे सगळ्यांकडे असतं. सेवाग्राम स्टेशनावर उतरलं म्हणजे आश्रमात पोचलो असं नाही, आश्रम तिथून काही किलोमीटर लांब आहे, आणि वर्धा जंक्शन हे वेगळं स्टेशन आहे, हे फार कमी जण सांगतात. सामान घेऊन उन्हात उभी असलेली माणसं मी तिथं पाहिलीयेत. म्हणून पहिलं पान लिहायच्या आधी दोन्ही स्टेशनांवरून आश्रमापर्यंत ऑटोनं स्वतः जा, किती घेतले, परतीला ऑटो कुठं मिळाला, आईवडिलांना बसायला सावली कुठं आहे ते तारखेसकट लिही, आणि ते पान मला पाठव, मी वाचीन.