पैठणी जांभळी, फोटो मरून : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही हातमागाच्या पैठण्या ऑनलाइन विकतो. फोटो दुकानातच मोबाइलवर काढतो. ‘फोटोतला रंग वेगळा होता’ म्हणून साड्या परत येतात. व्यावसायिक फोटोग्राफर लावणं परवडेल का? (एक विक्रेती, पैठण)

उत्तर : आधी रंग का फसतो ते बघू. छताला पांढरी ट्यूब, शोकेसमध्ये पिवळा बल्ब आणि दारातून ऊन, असे तीन उजेड एकाच साडीवर पडले की मोबाइल गोंधळतो. एका उजेडाचा रंग नीट बसवला की दुसऱ्याचा बिघडतो. त्यात साडी धूपछांव असेल, म्हणजे ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या, तर कोन बदलला की रंग बदलतो. अशा साडीचे दोन कोनांतून दोन फोटो आणि पदर हलवतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ टाका. वर्णनात दोन्ही रंग शब्दांत लिहा.

आता परवडण्याचं. तुमची प्रत्येक साडी वेगळी, त्यामुळे एक फोटो एकदाच विकतो. दर साडीला फोटोग्राफरचे पैसे मोजणं मला तरी पटत नाही. त्याऐवजी त्याला एका दिवसाचे पैसे द्या आणि दुकानात कायमचा कोपरा लावून घ्या : सॉफ्टबॉक्ससह (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) दोन एलईडी दिवे (सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 95 च्या वर; दोन्ही एकाच केल्विनचे, म्हणजे उजेडाची पिवळी-पांढरी छटा एकच), पांढरा पडदा, मोबाइलचा स्टँड. दिवे आणि स्टँड कुठे ठेवायचे तिथे फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करून घ्या, नाहीतर झाडताना सगळं सरकतं.

एक दिवा बाजूने, तिरका ठेवा. वीण त्यानेच उठून दिसते. दुसरा समोरच्या बाजूने, मंद. फ्लॅश मारलात तर जरीचा नुसता पांढरा पट्टा दिसेल. दुकानातले बाकीचे दिवे बंद. मोबाइलवर साडीवर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं. मग स्क्रीनवरच उजेड थोडा कमी करा, जरीचे धागे सुटे दिसेपर्यंत. पहिल्या फोटोत साडीवर ग्रे कार्ड (रंग तपासायचं राखाडी कार्ड) ठेवा आणि एडिटिंगमध्ये व्हाइट बॅलन्सचा (उजेडाच्या छटेनुसार रंग सुधारण्याचा) ड्रॉपर त्यावर टेकवा. तीच सेटिंग त्या बैठकीतल्या सगळ्या फोटोंना लावा. ग्रे कार्डाऐवजी झेरॉक्सचा कागद नको. त्यात निळसर झाक आणणारं रसायन असतं, त्यामुळे साडी पिवळट दिसते.

पदराच्या उलट्या बाजूचा फोटो मात्र विसरू नका. हातमागावर विणलेल्या पदरातला मोर किंवा मुनिया दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते. यंत्रावरच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेली टोकं दिसतात. पारखी गिऱ्हाईक तेच शोधतं. मॉडेलवर खर्च करण्याआधी हा एक फोटो नीट काढा.

प्रश्न : मोसंबी सरबताच्या बाटलीवर खिडकी आणि माझंच प्रतिबिंब उमटतं. (जालना)

उत्तर : इथे फोटोग्राफर जरूर लावा, एकाच फोटोवर शेकडो बाटल्या जाणार आहेत. त्याला सांगा : मागून बटर पेपरमधून उजेड, म्हणजे सरबत आतून उजळेल, दोन्ही कडांना काळा पुठ्ठा, म्हणजे काचेची कड रेखीव येईल, आणि लेबल वाचता येण्यापुरता समोर पांढरा पुठ्ठा. कॅमेरा लांबून, झूम लावून; जवळून वाइड लेन्सने काढलं तर बाटलीचं पोट सुटतं. अ‍ॅमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी (आरजीबी 255, 255, 255) लागते आणि वस्तूने चौकटीचा 85 टक्के भाग व्यापावा लागतो. हे कामाआधीच ठरवा.

प्रश्न : फोटोग्राफरने फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, अपलोड केले तर झूम केल्यावर फाटतात. मूळ फाइल मागता येतील का? (लातूर)

उत्तर : व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ड्राइव्हवर मागवा. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, उलट करार नसेल तर, 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार काढून घेणाऱ्याचा असतो. पण रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) मिळणार की फक्त जेपेग (तयार, दाबलेला फोटो), हे आधी लिहून घेतलेलं बरं; बरेच जण रॉ देत नाहीत.