पासिंग झालेली २०१० ची ओम्नी घ्यावी का? आणि अशा गाड्या पासिंगला अडकतात कशात?

तुमचा प्रश्न असा की म्हापशाला २०१० ची पेट्रोल ओम्नी विकायला आहे, पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी. मालक म्हणतो पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, झालंय, आता २०३० पर्यंत बघायला नको. त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा का?

तारखेवर ठेवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे गाडी दाखवून ५-५ वर्षांनी वाढवायची, म्हणजे २०२५ मध्ये पास झालेल्या गाडीचा कागद २०३० चाच येणार. एम-परिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकलात की तारीख दिसेल. 'बघायला नको' हे मात्र त्याचं स्वतःचं. हीच गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याची, असती तर ८ वर्षांनंतर तिला दरवर्षी फिटनेसला उभं राहावं लागलं असतं. पांढऱ्या पाटीला एकदा दाखवलं की ५ वर्षं कोणी विचारत नाही. गोव्यात ५ वर्षं म्हणजे पाच पावसाळे, आणि पत्र्याचं जे व्हायचं ते तेवढ्यात होऊन जातं.

आमचं डिचोलीला टिंकरिंगचं, म्हणजे पत्राकामाचं, गॅरेज आहे, पासिंगच्या आधी येणाऱ्या ओम्नी आमच्याकडे नेहमीच्या. त्यावरून सांगतो: गाडी पासिंगला अडकते त्या गोष्टी वेगळ्या, आणि घेणाऱ्याला नंतर रडवतात त्या वेगळ्या.

अडकते ती बहुतेक किरकोळ कामांत. एक हेडलाइट आकाशाकडे, दुसरा गटाराकडे. ब्रेक लाइट बंद, हॉर्न मेलेला, वायपर काच पुसण्याऐवजी खरवडतोय. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट नाही. टायर गुळगुळीत, नक्षी निदान १.६ मिमी लागते. हँडब्रेक ओढला तरी गाडी उतारावर सरकते, कारण केबल आतून गंजून आखडलेली. पीयूसीला धूर जास्त. तुमची इंजेक्शनवाली असणार, तिला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्याच्या आत आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमच्या आत लागतं. जुन्या कार्बोरेटरवाल्यांसारखा स्क्रू फिरवून भागत नाही, प्लग, एअर फिल्टर, सेन्सर बघावे लागतात. तिची पीयूसीही दर ६ महिन्यांनी काढायची असते, ती चालू आहे का विचारा.

ही सगळी कामं एका दिवसात होतात, आणि गोम तिथेच आहे. पासिंगपुरते दुसऱ्या गाडीचे टायर चढवून नेणारे लोक आहेत. उसनी बॅटरी लावून नेणारेही आहेत. त्या सकाळी गाडी खरोखरच पास होण्यासारखी असते, इन्स्पेक्टरने काय वेगळं लिहायचं? शिवाय मैदानात गाडी चालवून ब्रेक मारून बघितला की थांबते की नाही एवढंच कळतं. यंत्राच्या रोलरवर चाकं ठेवली तर डाव्या-उजव्या ब्रेकमधला फरक आकड्यात येतो. ओम्नीला तो फरक बऱ्याचदा पडतो, कारण मागच्या ड्रममधला एखादा व्हील सिलिंडर गळून ब्रेकचा लायनर ओला झालेला असतो.

आता गंज. ओम्नीला स्वतंत्र चासीचा सांगाडा नाही, अंगाचा पत्राच सगळं वजन पेलतो. त्यामुळे खालचा पत्रा गेला म्हणजे गाडीचा कणाच गेला. सरकत्या दाराची खालची पट्टी बघा. तिच्यात पावसाचं पाणी आणि माती साचते, पाणी निघायची भोकं लाल चिखलाने बुजतात, मग सिल, म्हणजे दाराखालचा पत्र्याचा पोकळ पट्टा, आतून कुजते आणि बाहेर रंग मात्र चकचकीत. आमच्या खाणपट्ट्यातल्या गाड्यांचं दुखणं हे. किनाऱ्याकडच्या गाड्यांना खारा वारा असतो. आणि सगळ्यांत वाईट मासळीवाली ओम्नी: बर्फ वितळलेलं खारट पाणी मॅटखाली मुरतं ते कधी वाळतच नाही. मालक 'फॅमिली युज' म्हणाला तरी मागची मॅट उचलून वास घ्या. वास लपत नाही.

नंतर गाडी रॅम्पवर चढवायला सांगा आणि आपला माणूस बरोबर न्या. मागचे पाटे (स्प्रिंग) जिथे बॉडीला अडकतात तिथला पत्रा, जॅक लावायच्या जागा, पुढच्या चाकांच्या कमानीचा आतला भाग, ड्रायव्हरच्या पायाखालची जमीन, एवढं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. बाहेरून चुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. खालून ताजं काळं कोटिंग मारलेलं दिसलं तर मी तरी खूश होत नाही. पासिंगच्या आदल्या आठवड्यात मारलेलं कोटिंग गंज थांबवायला नसतं, झाकायला असतं. सिलला एखादा वेल्डिंगचा पॅच असेल तर त्याचं वावडं नको, नीट मारलेला पॅच वर्षानुवर्षं टिकतो. पाट्यांच्या जागी पॅचवर पॅच असतील तर मात्र गाडी कितीही स्वस्त असो, सोडा.

चासी नंबरही स्वतः वाचून आरसीशी, म्हणजे नोंदणीच्या कागदाशी, ताडून बघा. गंजाने आकडे पुसले गेले तर पुढच्या वेळी तिथेच अडकाल. नंबर पुन्हा ठोकायला आरटीओची परवानगी लागते आणि त्या कागदपत्रांत महिने जातात. गॅस किट असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. ८ सीटची ५ केली असेल किंवा ५ ची ८, तेही आरसीशी जुळायला हवं.

इंजिनचं म्हणाल तर पासिंगला ते चालू झालं, धूर बरा आला की पुरे. कॉम्प्रेशन, क्लच, गिअर, पाणी किती पितं, हे कोणी तपासत नाही. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं ते साधं इंजिन, पार्ट मिळतात, काम करणारे गावोगावी आहेत, त्याची फार काळजी करू नका. पुढच्या सीटखाली असल्यामुळे तापलं की बसणाऱ्यालाच आधी कळतं! फक्त गार इंजिन स्वतः सुरू करा, आधीच गरम करून ठेवलेलं नको, आणि पणजीतल्या आल्तिनोच्या चढासारख्या ठिकाणी हँडब्रेकवर उभी करून परत उचलून बघा. स्टीअरिंग हाताने हलवून प्ले (ढिलेपणा) किती आहे तेही तिथेच कळेल.

एक मात्र कुठलंच पासिंग सांगणार नाही: समोरून धडक बसली तर ओम्नीत पुढे बसलेल्यांचे गुडघे आणि समोरची गाडी यांच्यामध्ये फारसं काही नाही. नवे सुरक्षा नियम आले तेव्हा २०१९ मध्ये कंपनीने तिचं उत्पादन बंद केलं. सामान न्यायला, गावातल्या गावात फिरायला ठीक. मुलांना घेऊन हायवेने रोज मडगाव करायचं असेल तर मी घेणार नाही.

भाव करताना २०३० चा हिशेब धरा. तेव्हा गाडी २० वर्षांची होईल, आणि २० वर्षांवरच्या चारचाकीचं नूतनीकरण शुल्क २०२५ पासून १०,००० रुपये झालंय. आत्ताच्या मालकाने भरलेले ५,००० तुम्हाला लागू नाहीत. उशीर केलात तर महिन्याला ५०० वेगळे. व्यवहार ठरला तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ३० दिवसांत नाव बदलून घ्या, विम्यासाठी मात्र १४ दिवसांतच अर्ज करा. आणि पैसे देण्याआधी टायरचा फोटो काढून ठेवा, गाडी हातात येईल तेव्हा तेच आहेत का बघायला.