भूतानमध्ये भारतीय पर्यटकांनी माणशी रोज 1200 रुपये सरकारी फी भरण्यासारखं आहे तरी काय? सिक्कीम काय वाईट?

चौघांचे पाच रात्रींचे 24000 होतात, हा तुमचा हिशोब बरोबर आहे. आमच्या साडूंनी तो सीमेवरची फुंत्शोलिंगची कमान ओलांडल्यापासून रोज रात्री जेवताना मांडला.

थिंफूहून पुनाखाला जाताना दोचुला खिंड लागते. तिथल्या टेकाडावर 108 स्तूप आहेत. आम्ही काकडत चहा शोधत होतो. साडूंनी मात्र स्तूपालाच टेकून बैठक मारली, बाकरवडीचा पुडा फोडला, एक पाय वर घेतला आणि बायकोला म्हणाले, "काढ फोटो." आमचा गाइड, घो हा तिकडचा पुरुषी झगा घातलेला कोवळा पोरगा, हळूच म्हणाला, "सर, प्लीज, उठा." साडू तडकले. "रोजचे बाराशे घेता आणि बसायचंही नाही?"

पोरगा चिडला नाही. त्याने सांगितलं, डिसेंबर 2003 मध्ये भूतानच्या सैन्याने दक्षिणेकडच्या जंगलातून आसाम-बंगालच्या बंडखोरांचे तळ उठवले. त्यात गेलेल्या सैनिकांसाठी हे स्तूप आहेत. म्हणजे दुखणं आपलं, माणसं गेली त्यांची. साडू उठले, पण "फोटोनं काय झिजतं" हे पुनाखापर्यंत चालू होतं. याच ठिकाणी 2019 मध्ये महाराष्ट्रातलाच एक बाइकवाला स्तूपावर चढला होता, त्याची बातमी तुम्हीही वाचली असेल.

माझं सरळ मत: ही फी अशी गर्दी आवरायलाच आहे, आणि ती हवीच. निदान 60 टक्के भूमी कायम जंगलाखाली राहील असं त्यांच्या राज्यघटनेतच आहे. प्रत्यक्षात सत्तरच्या आसपास आहे. 7570 मीटरचं गांगखर पुएन्सुम शिखर अजून कुणी सर केलेलं नाही, कारण शिखरं पवित्र मानून गिर्यारोहणच बंद केलंय. फोबजिखा खोऱ्यात हिवाळ्यात तिबेटातून काळ्या मानेचे क्रौंच येतात. ते तारांना धडकू नयेत म्हणून वीज जमिनीखालून नेली. बहुतेक परदेशी लोक रोज 100 डॉलर भरतात, आपल्याला बाराशेत रडू येतं. लोणावळ्याच्या रिसॉर्टला तेच 24000 दोन दिवसांत उडवताना साडू हूं की चूं करत नाहीत.

सिक्कीम वाईट नाही. कांचनजुंगा बघायचं असेल तर तिकडेच जा.

बाकी भूतान म्हणजे स्वर्ग वगैरे समजू नका. 1990 च्या सुमारास नेपाळीभाषक लाखभर लोकांना देश सोडावा लागला, ते 'आनंदी देशा'च्या जाहिरातीत येत नाही. तरुण पोरं ऑस्ट्रेलियाला चाललीत. जेवणात मिरची ही भाजी म्हणून येते, ॲसिडिटीवाल्यांनी गोळ्या न्याव्यात.

हो, मुलं 6 ते 12 वर्षांची असतील तर फी निम्मी, त्याहून लहानांना माफ. साडूंची दोन्ही पोरं निम्म्यात बसली होती. हे ते कुणाला सांगत नाहीत.