मशीन खोलायचं की नवं घ्यायचं?

प्रश्न: नमस्कार सर. मुकणे धरणावर आमची मासेमारी आहे. अठरा फुटी फायबरची बोट आणि त्यावर 2004 सालचं 40 एचपीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून लावायचं इंजिन. हल्ली सकाळी चालू व्हायला फार त्रास देतं, जाळी आणि मासळी भरली की ओढतच नाही. मेकॅनिकने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितलं तर वरच्या सिलिंडरला 115 पीएसआय आणि खालच्याला 80 आलं. तो म्हणतो एवढं जुनं मशीन खोलण्यात अर्थ नाही, नवं फोर-स्ट्रोक घ्या नाहीतर किनाऱ्यावरून सेकंडहँड आणून देतो. काय करावं?
— एक वाचक, घोटी

उत्तर: भाऊ, आधी नव्याचा विचार बाजूला ठेवा. मशीन 2004 चं आहे एवढ्यावरून ते टाकून द्या हे मला अजिबात पटत नाही, कारण तुमचं मशीन आयुष्यभर गोड्या पाण्यात चाललंय. आउटबोर्ड बाहेरचंच पाणी आत खेचून थंड होतं, समुद्रावर तेच खारं पाणी आतल्या ॲल्युमिनियमच्या वाटा खात राहतं आणि मीठ साचून त्या बुजतात, मुकण्यात हा त्रास नाही. म्हणूनच किनाऱ्यावरून सेकंडहँड आणायचं तर डोळे उघडे ठेवून आणा. थर्मोस्टॅटचं झाकण उघडायला लावा, आत पांढरे खडे दिसले तर तिथूनच परत फिरा, वरून नवा रंग मारलेला असला तरी.

आता 115 आणि 80. दोन सिलिंडरमध्ये साधारण दहा टक्के फरक चालून जातो, तुमचा तीस टक्के आहे, म्हणजे खालच्यात बिघाड आहे हे नक्की. पण कसला बिघाड ते अजून कुणी बघितलेलंच नाही, आणि ते न बघता कुणी खोला म्हणो की टाका म्हणो, तो अंदाजच. पुन्हा टेस्ट करा. इंजिन गरम करून, दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, आणि प्लगच्या वायरी बॉडीला अर्थ करून, नाहीतर इग्निशन जायचं. मग खालच्या प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत रीडिंग घ्या. आकडा वर चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, जागचा हलला नाही तर हेड गॅस्केट किंवा खुद्द पिस्टन. नंतर हेड (सिलिंडरचं झाकण) काढा आणि टॉर्च लावून सिलिंडरची भिंत बघा, उभे ओरखडे नखाला लागतायत का ते बोट फिरवून बघा. एवढं काम चांगला मेकॅनिक एका दिवसात करतो.

बिघाड गॅस्केटचाच निघाला तर काम स्वस्तात सुटलं. रिंगा-पिस्टनचा निघाला तरी आपण नाशिकला आहोत हे विसरू नका, सातपूर-अंबडला बोअरिंग-होनिंगची (सिलिंडर आतून कापून घासून गुळगुळीत करायची) कामं रोज होतात आणि तिथले कारीगर शंभरावा भाग मोजून काम करणारे आहेत. फक्त क्रम पाळा: आधी ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठा) पिस्टन हातात घ्या, पाव किंवा अर्ध्या मिलिमीटरचा जो मिळेल तो, आणि मग तो पिस्टन मोजून त्याच्या मापाने बोअर करायला सांगा. बोअर झाल्यावर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या, कडा थोड्या मारून घ्यायला आवर्जून सांगा, मोटारगाडीचीच कामं करणाऱ्याला हे सुचत नाही आणि टू-स्ट्रोकमध्ये धारदार कडेत रिंग अडकून तुटते. लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) लोखंडी असेल तरच हे सगळं, आतून निकेलचा थर असेल तर साधं बोअर करता येत नाही.

आणि खालचंच सिलिंडर का गेलं याचं उत्तर मिळाल्याशिवाय नवा पिस्टन बसवू नका, नाहीतर तोही त्याच वाटेने जाणार. कार्ब्युरेटरचं जेट बुजून पेट्रोल कमी येत होतं का, पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर शेवटचा कधी बदलला, ऑइल कुठलं घालता? बरेच जण मोटारसायकलचं टू-टी ऑइल घालतात. आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू 3 (बोटीच्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलंच ऑइल लागतं, लिटरला 20 मिली, आणि नवीन पिस्टन बसवल्यावर पहिले दहा तास लिटरला 40 मिली आणि फुल थ्रॉटल द्यायचा नाही.

खर्चाचा आकडा काढण्याआधी खालचा गिअरकेस (प्रोपेलरजवळची गिअरची पेटी) पण बघा. ड्रेन स्क्रू उघडून ऑइल काढा. दुधासारखं पांढरट आलं तर आत पाणी शिरलंय. जाळ्यावर चालणाऱ्या बोटीत हे हमखास दिसतं: प्रोपेलर काढा, मागे शाफ्टवर तंगूस (जाळ्याचा नायलॉनचा दोरा) गुंडाळून घट्ट बसलेला असतो आणि त्यानेच ऑइल सील कापलेलं असतं. सील स्वस्त आहे. पण स्क्रूच्या चुंबकाला लोखंडाचे मोठे कण किंवा कपच्या चिकटलेल्या दिसल्या तर गिअर खाल्लेत, आणि मग मी तुमच्या मेकॅनिकच्या बाजूला येईन. तसंच ब्लॉकला तडा असेल, क्रँक गेला असेल किंवा तुमच्या मॉडेलचा पिस्टन कुठेच मिळत नसेल तरी नवंच घ्या. बाकी माझा हिशोब असा की सगळं मिळून रिपेअरचा खर्च नव्याच्या निम्म्याच्या आत बसत असेल तर रिपेअर करा.

पण नव्याची किंमत धरताना शोरूमचा आकडा धरू नका. 40 एचपीचं फोर-स्ट्रोक तुमच्या मशीनपेक्षा वीसेक किलो तरी जड भरेल आणि ते सगळं वजन मागच्या फळीवर येणार. त्या फळीत फायबरच्या आत बऱ्याचदा लाकूड असतं, बोल्टच्या भोकातून पाणी मुरून ते कुजतं. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा, खणखणीत आवाज यायला हवा, बद्द आला तर आधी फळी दुरुस्त करा. शिवाय केबल, बॅटरी, कदाचित प्रोपेलर, हे सगळं एका कागदावर लिहून मग तुलना करा.

तुम्ही सांगितलंय त्यावरून मला तरी हे मशीन रिपेअर होण्यासारखं वाटतं. मात्र पुढे कधी बदलायची वेळ आली तर फोर-स्ट्रोकच घ्या. कार्ब्युरेटरचं टू-स्ट्रोक बरंचसं न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल एक्झॉस्टमधून थेट पाण्यात सोडतं, आणि मुकण्याचं पाणी नाशिक शहर पितं, तुमची मासळीही त्याच पाण्यात वाढते.

प्रश्न: आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतंय. जुन्या आउटबोर्डला चालेल का?
— एक वाचक, निफाड

उत्तर: बहुतेक आउटबोर्ड कंपन्या 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात, पण दुसरं सहज मिळत नाही तर काळजी घेऊन वापरावं लागणार. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, आणि इंजिन नेमकं तळातूनच पितं. म्हणून पेट्रोलच्या लाइनवर पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. जुने रबरी पाइप, हाताने दाबायचा फुगा आणि फ्युएल पंपाचा पडदा इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घ्या. ऑइल मिसळलेलं पेट्रोल महिन्याच्या वर साठवू नका, आणि पावसाळ्यात बोट बंद ठेवताना टाकीचा पाइप काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, पाण्याला जोडूनच, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो आणि इम्पेलरही जळत नाही.