नाश्ता बदलण्याआधी चहाचं बघ

तुझी पोस्ट दोनदा वाचली. वय ३४, हिमोग्लोबिन ९.४, घरात सगळे शाकाहारी, बोरिवलीहून सातच्या आतली गाडी, निघताना चहा-खारी आणि अकरा वाजता कॅन्टीनचा वडापाव. डॉक्टर म्हणाले नाश्ता नीट करा, म्हणून ओट्स आणलेस, तिसऱ्या आठवड्यात त्यांचा वीट आला, आणि आता सोपं, पौष्टिक, घरी होणारं काहीतरी हवंय. बोरिवलीच्या जागी भांडुप घाल, बाकी ही मीच, साधारण आठ वर्षांपूर्वीची. वयाने लहान आहेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

पोहे कसे भिजवायचे, उपम्याला पाणी किती, हे सांगत बसत नाही, तुला येतच असणार. मला जे महागात पडलं तेवढं सांगते.

माझं ९.१ होतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. सकाळी उठून पालक-मेथीचे पराठे, नाचणीची भाकरी, मोड आलेल्या मुगाची उसळ, सगळं इमानेइतबारे केलं. चार महिन्यांनी रिपोर्ट आला ९.५. ऑफिसजवळ एक तपासणी केंद्र होतं, नाव घेत नाही. त्यांच्या पॅकेजमध्ये आहारसल्ला 'मोफत' होता. समोरच्या मुलीने वजन-उंची विचारली, दोनदा माऊस दाबला आणि प्रिंटरमधून दोन पानी तक्ता बाहेर आला. त्यात किनोआ, किवी, बदामाचं दूध. पहिल्याच ओळीत: 'सकाळी ६.३०, चहा एक कप, सोबत गोळ्या.' मी तो तक्ता फ्रिजवर चिकटवला आणि पाच महिने पाळला! किनोआचं पाकीट कपाटात तसंच राहिलं, पण चहा आणि गोळी मात्र एक दिवस चुकली नाही. पुढचा रिपोर्ट ९.३, म्हणजे आधीपेक्षा कमीच. तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा उत्तर मिळालं, "मॅडम, तुमचं पॅकेज संपलंय."

घोळ कळला तो लोकलमध्ये. लेडीज डबा, विक्रोळी गेलं होतं. मी फ्लास्कच्या झाकणात चहा ओतला, डब्यातला मेथी पराठा काढला, गोळी जिभेवर ठेवली आणि चहाचा घोट घेतला. समोर एक बाई मांडीवर पेपर पसरून गवार मोडत होत्या. म्युनिसिपालिटीच्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या सिस्टर, हे नंतर कळलं. त्यांनी माझ्या हातातल्या गोळीच्या पट्टीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, ही चहाबरोबर घेतेस? मग गटारात टाक ना, सारखंच आहे."

थोडी अतिशयोक्ती होती, पण फार नाही. चहातली टॅनिन्स लोहाला बांधून ठेवतात आणि मग ते आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. शाकाहारी जेवणातलं लोह मुळात शोषायला अवघड, त्यात जेवतानाच चहा घेतला तर शोषण अर्ध्याहून खाली जाऊ शकतं. कॉफीचंही तसंच. दुधातलं कॅल्शियमही आड येतं, म्हणून चहात दूध घातलं तरी सुटका नाही. उलट लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो यांतलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. आपल्या आज्या पोह्यांवर लिंबू पिळायच्या ते नुसतं चवीला नव्हतं, पण बाजूला चहाचा कप ठेवून आपण ते धुऊन टाकलं.

मी फक्त चहा हलवला. उठल्या उठल्या अर्धा कप, मग नाश्ता किमान तासाभराने. पुढचा चहा ऑफिसला पोचल्यावर, खाऊन तासाभराने. गोळी डॉक्टरांना विचारून लिंबूपाण्याबरोबर. तीन महिन्यांनी ११.२. नाश्ता तोच होता गं! त्या तक्त्याचे मी किती पैसे भरले ते नवऱ्याला आजही माहीत नाही.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे. मला विचारशील तर आठवड्यातून तीन दिवस हिरव्या मुगाची धिरडी. वाटीभर अख्खे मूग रात्री भिजत घाल, सकाळी आलं, मिरची, चमचाभर तांदळाची पिठी घालून मिक्सरला फिरव, तव्यावर टाक. चण्याच्या डाळीसारखे जड पडत नाहीत. बरोबर टोमॅटो-कोथिंबिरीची कच्ची चटणी, वर लिंबू. लिंबू गॅस बंद केल्यावरच, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने जातं. मोड काढायला वेळ असेल तर आणखी चांगलं, मोड आल्यावर धान्यातलं लोह अडवून धरणारं फायटिक आम्ल कमी होतं आणि लोह सुटं होतं. फक्त पावसाळ्यात मूग ओल्या फडक्यात बांधून ठेवू नकोस, मुंबईच्या दमट हवेत बुळबुळीत होऊन वास मारतात. चाळणीत पसरून वर ताट झाक.

घाईच्या दिवशी दडपे पोहे. पातळ पोहे, ओलं खोबरं, काकडी, कांदा, लिंबू, वरून फोडणी. दहा मिनिटं दडपून ठेव तोवर मुलीची वेणी होते. शेंगदाणे सढळ हाताने घाल, नाहीतर नऊ वाजता पुन्हा भूक. रविवारी थालीपीठ किंवा ताकातली उकड. इडलीचं पीठ मी शनिवारी वाटते. मे महिन्यात सहा-सात तासांत वर येतं, जानेवारीत रात्रभर ठेवूनही ढिम्म असतं, तेव्हा बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेव. आंबवल्यानेही फायटिक आम्ल कमी होतं, म्हणून इडलीला निव्वळ तांदूळ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांचं ऐकू नकोस.

दोन गोष्टींवर माझं मत जरा कडक आहे. नाचणी चांगलीच, पण ती कॅल्शियमसाठी: शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. लोह त्यात चार-पाच मिलिग्रॅम, आणि आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे आपल्याला बायकांना दिवसाला लागतं २९. एका भाकरीत कितीसं मिळणार? दुसरं, बीट. लाल आहे म्हणून रक्त वाढतं, हा निव्वळ रंगाचा हिशोब आहे. चमचाभर गुळाचीही तीच गत. त्यापेक्षा अळीव खरंच दमदार, नारळ घालून लाडू कर. मात्र दिवस राहिले असतील किंवा तशी शंका असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अळिवाला हात लावू नकोस.

मी डॉक्टर नाही, हे माझ्या एकटीच्या अंगावरचे प्रयोग आहेत. हिमोग्लोबिन कमी असणं म्हणजे दर वेळी लोहच कमी असं नाही. पाळीत रक्तस्राव जास्त आहे का, फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, किती, बी १२ किती, थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक रक्तदोष तर नाही ना, हे आधी तपासून घे. थॅलेसेमिया मायनर असेल तर मनाने लोहाच्या गोळ्या खात राहणं बरं नाही. बी १२ आपल्याला शाकाहारात दूध-दह्यातूनच काय ते मिळतं, म्हणून दुपारच्या जेवणात दही सोडू नकोस.

आणि हो, नॉनस्टिक बाजूला ठेवून एक लोखंडी कढई घे. दोन-तीन दिवस तेल लावून तापवावी लागते, बाईला आधीच सांगून ठेव की तारेच्या घासणीने घासू नको. आमच्याकडे तिने पहिल्याच दिवशी लख्ख करून ठेवली होती, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पोहे झाले की लगेच ताटात काढायचे, लिंबू ताटातच पिळायचं, कढईत राहिले तर काळपट पडतात आणि मग मुलगी तोंड वाकडं करेल. माझी करायची.