टबाचं वेड सोड, फरशीपासून सुरू कर

अगं, बाथरूमला फ्रेंच खेड्यातल्या घराचं रूप द्यायचंय ना? मग तो चार पायांवर उभा राहणारा आंघोळीचा टब आधी विसर. पारा ४५ च्या वर गेला की नागपुरात तो भरायला पाणी कुठून आणणार? फ्रेंच खेड्यातल्या घराचा जीव फरशीत असतो. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सकडे भाजक्या मातीच्या षटकोनी फरशा घालतात, तोमेत म्हणतात त्यांना. तशा टेराकोटा टाइल्स घे, पण पाणी मुरू नये म्हणून वरून सीलरचे दोन हात मारून घे. मी एकावर भागवलं. बोअरच्या पाण्याचे पांढरे चट्टे उठले, व्हिनेगर ओतलं तर फरशी आणखीच फिकी पडली.

बेसिनखाली नवीन कॅबिनेट मुळीच नको. आजीचं सागवानी टेबल माळ्यावर धूळ खात असेल ना? त्याला मळकट पांढरा रंग दे, वाळला की कडा पॉलिश पेपरने घास, हात लागून झिजल्यासारख्या दिसल्या पाहिजेत. मधला सपाट भाग मात्र घासू नको, उगाच नाटकी वाटतं.

पडद्याला त्वाल द जुई, म्हणजे पांढऱ्या कापडावर एकाच रंगात छापलेली खेड्यातली चित्रं. ओबरकाम्फ नावाच्या उद्योजकाने १७६० मध्ये पॅरिसजवळच्या जुई गावात कापड छपाईचा कारखाना काढला होता, त्यावरून हे नाव.

लॅव्हेंडरची कुंडी माझ्याकडे मे महिन्यात वाळून गेली. आता खिडकीत वाळ्याची जुडी टांगलीय. फ्रेंच नाही, पण शिंतोडे उडाले की काय वास येतो!